विहिरीतला क्लोरीन, पातेऱ्यातली गोचीड आणि प्लेगचा आलेख: सार्वजनिक आरोग्यावरची प्रश्नोत्तरे

सार्वजनिक आरोग्य म्हटलं की डॉक्टर, लस आणि दवाखाना आठवतो. या वेळी आलेले प्रश्न मात्र रसायनशास्त्र, भूगर्भशास्त्र, कीटकशास्त्र, हवामान आणि गणित यांच्या हद्दीतले आहेत. बहुतेक प्रश्नांची गोम एकच आहे. प्रत्येक शास्त्राची मोजणी एका ठरावीक प्रश्नाचं उत्तर देते, आणि ते उत्तर भलत्याच प्रश्नाला चिकटवलं की गावात रुग्ण निघतात.

प्रश्न: मी गावात जलसुरक्षक आहे. विहिरीत रोज टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकतो, क्लोरीनची ओटी टेस्ट पिवळी येते. तरी पावसाळ्यात एकाच आळीत गॅस्ट्रोचे रुग्ण निघाले. मग पावडर टाकून उपयोग काय? (जुन्नर तालुका)

ओटी टेस्ट पिवळी आली याचा अर्थ, त्या घटकेला त्या नळाच्या पाण्यात क्लोरीन आहे. पाण्यात जंतू नाहीत असं ती सांगत नाही, आणि शेजारच्या आळीबद्दल तर काहीच सांगत नाही. तुमच्या वर्णनावरून चूक पावडरीत कमी आणि पाइपात जास्त दिसते. तरी मात्रेपासूनच तपासू, कारण तिथेही हमखास गफलत होते.

आधी विहिरीतलं पाणी मोजा. व्यासाचा वर्ग गुणिले पाण्याची खोली गुणिले ३.१४, भागिले ४. मापं मीटरमध्ये घ्या, उत्तराला १,००० ने गुणा, लिटर मिळतील. ४ मीटर व्यासाच्या विहिरीत ३ मीटर पाणी असेल तर ते साधारण ३७,७०० लिटर भरतं. ताज्या, ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असलेल्या पावडरीची १,००० लिटरला २.५ ग्रॅम ही किमान मात्रा धरली, तर ९५ ग्रॅम झाली. पण हा हिशेब स्वच्छ पाण्याचा. पावसाळ्यात क्लोरीन आधी गाळ, कुजलेला पाला, अमोनिया आणि लोह यांच्यावर खर्च होतो आणि उरेल तोच जंतूंच्या वाट्याला येतो. हा आधीचा खर्च किती, हे अंदाजाने ठरत नाही. त्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात हॉरॉक्सची पेटी असते. ती मागून घ्या.

पेटीत २०० मिलिलिटरचे सहा पांढरे कप, एक काळा कप आणि २ ग्रॅमचा चमचा असतो. काळ्या कपात एक सपाट चमचा पावडर घ्या, थोड्या पाण्यात कालवून पेस्ट करा, मग खुणेपर्यंत पाणी भरून निवळू द्या. पांढऱ्या कपांत विहिरीचं पाणी घ्या. पहिल्यात निवळीचा १ थेंब, दुसऱ्यात २, असं करत सहाव्यात ६ थेंब टाका. ढवळा आणि अर्धा तास थांबा. मग प्रत्येक कपात स्टार्च-आयोडाइडचे ३ थेंब सोडा. सर्वांत कमी थेंबांच्या ज्या कपात स्पष्ट निळा रंग आला, त्या कपाच्या क्रमांकाइतके चमचे ४५५ लिटर पाण्याला लागतात. तिसऱ्या कपापासून निळं दिसत असेल तर ३ चमचे, म्हणजे ६ ग्रॅम. वरच्या विहिरीला हे लावलं तर जवळपास ५०० ग्रॅम पावडर लागते. विहीर तीच, पण ९५ ग्रॅम टाकून आपण निर्धास्त बसलो होतो.

पावडर कोरडी भुरभुरू नका. बादलीला १०० ग्रॅमपेक्षा जास्त घेऊ नका. पेस्ट करून बादली पाऊण भरा, ढवळा, ५ ते १० मिनिटं निवळू द्या आणि फक्त वरची निवळी दुसऱ्या बादलीत काढा. तळाचा चुना विहिरीत गेला तर पाणी उगाच जड होतं. निवळीची बादली दोराने पाण्यात सोडून वर-खाली हलवा म्हणजे औषध तळापर्यंत पोचतं. त्यानंतर एक तास कोणी पाणी उपसू नये. तासानंतर लिटरला ०.५ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन उरला पाहिजे. पावडरीचं पोतं उघडं, दमट किंवा उन्हात असेल तर तिच्यातला क्लोरीन उडून जातो आणि नुसता चुना उरतो, वास येत असला तरी. २० टक्क्यांखाली गेलेली पावडर वापरायचीच नाही. नमुना प्रयोगशाळेत पाठवून टक्केवारी लेखी मागवा.

ओटी वाचतानाही घाई आणि उशीर दोन्ही नडतात. पहिल्या १० सेकंदांत आलेला पिवळा रंग मोकळ्या क्लोरीनचा. पंधरा-वीस मिनिटांनी बघितलं तर अमोनियाशी बांधला गेलेला क्लोरीनही त्यात मिसळून दिसतो आणि तो जंतू मारण्यात फार मंद असतो. पाण्याचा सामूही (पीएच) बघा. तो ७ च्या आसपास असताना क्लोरीनचा बराचसा भाग जंतूंवर जोरकस चालणाऱ्या हायपोक्लोरस आम्लाच्या रूपात असतो. सामू ८.५ झाला की तो भाग जेमतेम दहावा हिस्सा राहतो. टेस्ट मात्र तितकीच पिवळी.

आता तुमची आळी. पाणी दिवसातून तासभर सुटत असेल तर उरलेला वेळ पाइप रिकामा असतो आणि गळतीच्या जागेतून गटाराचं पाणी आत ओढलं जातं. पाणी सुटल्यावर पहिल्या लोंढ्याबरोबर ते घरात येतं. म्हणून ओटी टाकीखाली न करता सर्वांत शेवटच्या नळावर करा. तिथे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन हवा. गावाच्या नकाशावर रुग्णांची घरं आणि पाइपलाइन एकाच कागदावर काढा. रुग्ण एका व्हॉल्व्हच्या पुढचेच असतील तर त्या व्हॉल्व्हचा खड्डा उघडून बघा, बहुधा त्यात पाणी साचलेलं असतं. सोबत विष्ठेतल्या जंतूंसाठी एच-टू-एसची बाटली लावा. २४ ते ४८ तासांत पाणी काळं पडलं तर दूषित. बाटलीचा नमुना क्लोरीन असलेल्या नळाचा नको, कारण क्लोरीन बाटलीतही जंतू मारत राहतो. ओटीत रंग न आलेला नळ किंवा क्लोरीन टाकण्याआधीचं विहिरीचं पाणी घ्या.

प्रश्न: आमच्या शाळेच्या बोअरचं पाणी काचेसारखं स्वच्छ आहे, आम्ही ते उकळूनही घेतो. तरी मुलांच्या दातांवर तपकिरी पट्टे दिसतात. (शिक्षिका, यवतमाळ जिल्हा)

लक्षण फ्लोराइडचं दिसतं, आणि उकळणं इथे उलट काम करतं. जंतू मरतात, पण पाणी आटून फ्लोराइडचं प्रमाण थोडं वाढतं. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत.

हे कारखान्यातून आलेलं नाही, खडकातून आलेलं आहे. महाराष्ट्राचा मोठा भाग बेसॉल्टवर आहे, त्यात फ्लोराइड कमी. पूर्व विदर्भात आणि नांदेडच्या काही भागांत जुने ग्रॅनाइटच्या जातीचे खडक आहेत. त्यांतल्या फ्लोराइट, अ‍ॅपेटाइट, अभ्रक या खनिजांतून ते पाण्यात उतरतं. पाणी खडकात जितकं जास्त काळ मुरलं तितकं जास्त. म्हणून खोल बोअरचं पाणी वाईट आणि शंभर पावलांवरच्या उथळ विहिरीचं बरं, असं पुष्कळदा आढळतं. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर फ्लोराइड त्याच्याशी जुळून खाली बसतं. त्यामुळे डाळ पटकन शिजवणारं, साबणाला छान फेस देणारं मऊ पाणी गावाला आवडतं आणि नेमकं तेच जास्त संशयास्पद असतं.

एक बारकावा लक्षात ठेवा. दातांचं कवच साधारण आठव्या वर्षापर्यंत घडतं. बारा वर्षांच्या मुलाचे डागाळलेले दात त्याने लहानपणी प्यायलेल्या पाण्याचा दाखला आहेत, आजच्या बोअरचा नाही. आजचं कळायला पाण्याचा आणि लघवीचा नमुना तपासावा लागतो. ‘दात खराब, म्हणून हा बोअर बंद’ असा ठराव करून शेजारचा त्याहून वाईट बोअर सुरू केला, असं होऊ शकतं. आधी गावातले सगळे स्रोत भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत तपासून घ्या. कमी फ्लोराइडचा एखादा स्रोत सापडला तर तो फक्त पिण्या-स्वयंपाकाला राखा. धुण्या-भांड्याला बोअर चालेल.

तसा स्रोत नसेल तर नागपूरच्या नीरी संस्थेने विकसित केलेलं नलगोंडा तंत्र आहे. पाण्यात चुना आणि तुरटी घालायची, साधारण दहा मिनिटं सावकाश ढवळायचं, किमान तासभर निवळू द्यायचं आणि तळ न हलवता वरचं पाणी काढायचं. तुरटीची मात्रा पाण्यातल्या फ्लोराइडवर आणि क्षारतेवर ठरते, म्हणून शेजारच्या गावाचं माप वापरू नका. तुरटी जास्त झाली तर पाण्यात अ‍ॅल्युमिनियम उरतं. हे तंत्र सहसा बिघडतं ते तिसऱ्या-चौथ्या महिन्यात: ढवळणारा बदलतो, माप ‘मूठभर’ होतं आणि तळाचा गाळ बोअरशेजारीच ओतला जातो.

आणखी एक. ही मर्यादा दिवसाला काही ठरावीक लिटर पाणी पिणाऱ्या माणसाची आहे. १.५ मिलिग्रॅमचं पाणी २ लिटर प्यायलं तर ३ मिलिग्रॅम फ्लोराइड पोटात जातं. विदर्भाच्या उन्हात शेतावर ५ लिटर पिणाऱ्या मजुराच्या पोटात साडेसात. पाणी एकच, जोखीम अडीच पट.

प्रश्न: माकडताप हा माकडांचा रोग आहे का? आमच्या काजूच्या बागेत माकड मेलं तर कळवायचं कोणाला: वनखात्याला, पशुवैद्यकांना की आरोग्य केंद्राला? (दोडामार्ग)

तिघांनाही, आणि त्याच दिवशी.

माकडतापाचा विषाणू १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात सापडला. गोव्यात सत्तरी तालुक्यात २०१५ मध्ये आणि तुमच्या दोडामार्गात २०१६ मध्ये माणसांना लागण झाली. विषाणूचा मुक्काम गोचिडीत आणि जंगलातल्या उंदीर-चिचुंद्रीसारख्या लहान प्राण्यांत असतो. वानर आणि लाल तोंडाची माकडं त्याला बळी पडतात. मेलेल्या माकडाचं अंग थंड पडलं की त्याच्यावरच्या गोचिडी खाली उतरतात आणि त्या जागी विषाणूवाल्या गोचिडींचा अड्डा तयार होतो. माणसाला ताप येतो तो गोचीड चावून. माणसापासून माणसाला हा रोग पसरत नाही.

हंगाम का ठरलेला आहे, हे गोचिडीच्या आयुष्यात बघावं लागतं. पावसाळ्यात पूर्ण वाढलेल्या गोचिडी गुरांवर आणि मोठ्या जनावरांवर असतात. पाऊस सरल्यावर अळ्या आणि त्यानंतर मे महिन्यापर्यंत मधल्या अवस्थेतली पिल्लं. माणसाला चावतात त्या बहुतांशी ही पिल्लं. ती तिळाएवढी असतात, चावलेलं कळतही नाही. नेमके हेच महिने काजू वेचण्याचे, पातेरा (गळलेला पाला) गोळा करण्याचे आणि लाकूड-फाटा आणण्याचे. पातेऱ्याखालची ओल आणि सावली गोचिडीला मानवते. गुरांमुळे विषाणू वाढत नाही, पण गोचिडींची संख्या मात्र वाढते. म्हणून गुरांवरच्या गोचिडींचं औषध हे पशुवैद्यकाचं काम असलं तरी ते माणसाच्या तापावरचंही काम आहे.

माकड मेलेलं दिसलं तर हात लावू नका, ओढून बाजूला टाकू नका, कुत्र्यांना जवळ जाऊ देऊ नका. जागा आणि वेळ कळवा. पशुवैद्यक संरक्षक पोशाखात शवविच्छेदन करून नमुना घेतात. उष्ण हवेत विषाणू लवकर नासतो, त्यामुळे उशीर झाला तर माकड माकडतापानेच मेलं असलं तरी अहवाल नकारात्मक येऊ शकतो. त्या जागेभोवती ५० फुटांच्या परिघात मॅलेथिऑन पावडर धुरळतात. कीटकशास्त्राचे लोक पांढरं फ्लॅनेलचं कापड जमिनीवरून ओढतात आणि त्याला चिकटलेल्या गोचिडी मोजून तपासायला पाठवतात. या सगळ्यात ढिलाई कुठे होते? माकडाची नोंद वनखात्याच्या वहीत, गोचिडींची कीटकशास्त्रज्ञांच्या, तापाची आरोग्य केंद्राच्या. या तीन नोंदी एका नकाशावर यायला आठवडा लागला तर त्या आठवड्यात मजूर त्याच बागेत वेचत राहतात.

बागेत जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, पायजमा मोज्यांत खोचा, आरोग्य केंद्रातून मिळणारं गोचीड-प्रतिबंधक तेल उघड्या अंगाला लावा. जमिनीवर टेकू नका. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाका आणि साबणाने आंघोळ करा. गोचीड चिकटलेली दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. रॉकेल लावणं, पिरगाळणं, चिरडणं नको. तीन ते आठ दिवसांत एकदम जोराचा ताप, डोकं आणि अंग ठणकणं असं झालं तर डॉक्टरांना ‘जंगलात गेलो होतो’ हे आपणहून सांगा. ताप उतरून एक-दोन आठवड्यांनी काहींना तो पुन्हा येतो, तेव्हा बरं वाटलं म्हणून गाफील राहू नका. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्या दुकानातून घेऊ नका, या आजारात रक्तस्रावाचा धोका असतो.

प्रश्न: साथीचं गणित मुंबईच्या प्लेगवरून सुरू झालं असं ऐकलं. खरं का? (बी.एस्सी. गणित, पुणे)

सुरुवात त्याआधीची आहे, रोनाल्ड रॉस यांनी मलेरियावर समीकरणं मांडली होती. पण आज जे मॉडेल सगळीकडे शिकवतात, ते केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांच्या १९२७ च्या निबंधातलं, आणि त्यात पडताळ्यासाठी मुंबईचाच आलेख आहे: डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ मधले प्लेगचे आठवडेवार मृत्यू. मॅकेंड्रिक हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर. केरमॅक रसायनशास्त्रज्ञ, त्यांची दृष्टी प्रयोगशाळेतल्या अपघातात गेली होती. म्हणजे गणितातला हा पाया ना निव्वळ गणितज्ञांनी घातला, ना निव्वळ डॉक्टरांनी.

मॉडेल तीन कप्प्यांचं आहे: लागण होऊ शकणारे, लागण झालेले आणि साथीतून बाजूला झालेले, मग ते बरे होवोत की मरोत. पहिल्यातून दुसऱ्यात जाण्याचा वेग दोन्ही कप्प्यांच्या गुणाकारावर अवलंबून, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाण्याचा फक्त दुसऱ्यावर. यातून निघालेली मोठी गोष्ट अशी की साथ थांबायला सगळ्यांना लागण व्हावी लागत नाही. लागण होऊ शकणारे एका उंबरठ्याखाली गेले की साथ आपोआप ओसरते. एक रुग्ण सरासरी १५ जणांना लागण देत असेल, गोवर साधारण त्या घरातला आहे, तर १ वजा १/१५, म्हणजे सुमारे ९३ टक्के लोक सुरक्षित असले पाहिजेत. गोवराच्या लसीकरणात ९५ टक्क्यांचा आग्रह इथून येतो.

मुंबईच्या आकड्यांवर त्यांनी बसवलेलं सूत्र होतं: ८९० गुणिले (०.२t − ३.४) च्या हायपरबोलिक सेकंटचा वर्ग. t म्हणजे आठवडे. t = १७ ठेवलं की कंस शून्य होतो, म्हणजे सतराव्या आठवड्यात ८९० चं शिखर. ठिपके आणि रेषा इतक्या सुंदर जुळतात की पाठ्यपुस्तकांनी तो आलेख उचलला नसता तरच नवल.

पण थांबा. मॉडेल माणसाकडून माणसाला होणाऱ्या लागणीचं आहे आणि मुंबईचा प्लेग उंदरांवरच्या पिसवांनी पसरत होता. ती गोष्ट कीटकशास्त्राने आधीच सिद्ध केली होती. पॉल-लुई सिमों यांनी १८९८ मध्ये पिसवेचा दुवा मांडला, आणि पुढे मुंबईत प्लेग संशोधन आयोगाने पिंजऱ्यांचे प्रयोग केले: प्लेगच्या घरात जमिनीवर ठेवलेले गिनीपिग मेले, पिसूची उडी पोचणार नाही इतक्या उंचीवर टांगलेले वाचले. केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांना हे ठाऊक होतं, त्यांनी निबंधात तशी पुस्ती जोडली आहे. शिवाय मुंबईत प्लेग दरवर्षी उन्हाळा तापला की ओसरे, कारण उष्ण हवेत पिसूची लागण देण्याची ताकद घटते. त्या आलेखाची उतरती बाजू उंबरठ्यामुळे आली की हवामानामुळे, हे नुसत्या रेषेवरून सांगता येत नाही. रेषा जुळली म्हणजे कारण सापडलं असं नव्हे. परीक्षेत हा आलेख आला तर ही ओळ जरूर लिहा.

प्रश्न: चंद्रपूरला ४५ अंश झाले की बातमी होते. आमच्याकडे ३६ अंशांतच जीव कासावीस होतो, पण इशारा येत नाही. (रत्नागिरी)

हवामान खात्याच्या उष्णतेच्या लाटेच्या निकषात मैदानी भागात पारा किमान ४० आणि किनाऱ्यावर किमान ३७ असावा लागतो, शिवाय तो सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी वर हवा. हा निकष तापमानाचा आहे, शरीराचा नाही. शरीर थंड होतं घाम वाळल्याने, आणि घाम किती वाळेल हे हवेतल्या दमटपणावर ठरतं. ४५ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असताना ओल्या फडक्याचं तापमान (ओलं फडकं गुंडाळलेल्या तापमापकावरचं) २४ अंशांच्या आसपास राहतं. ३६ अंश आणि ६० टक्क्यांना ते २९ च्या पुढे जातं. म्हणजे घाम गाळून शरीर थंड करण्याची सोय रत्नागिरीत कमी पडते. चंद्रपुरात घाम लगेच वाळतो, तिथे धोका नकळत पाणी कमी होण्याचा आणि थेट उन्हाचा.

मग उंबरठा कसा ठरवायचा? अहमदाबादचं उदाहरण बघा. मे २०१० च्या लाटेनंतर तिथे मृत्यूंची रोजची नोंद आधीच्या वर्षांशी ताडून पाहिली, तेव्हा त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त निघाले. दाखल्यावर ‘उष्माघात’ क्वचितच लिहिलेलं असतं. हृदयविकार, मूत्रपिंड असंच असतं. म्हणून दाखले मोजण्यापेक्षा नेहमीपेक्षा वाढलेले मृत्यू मोजावे लागतात. त्यावर २०१३ मध्ये तिथला उष्णता कृती आराखडा आला: ४१ च्या वर पिवळा, ४३ च्या वर नारिंगी, ४५ ला लाल इशारा. हे आकडे अहमदाबादच्या कोरड्या हवेचे आणि तिथल्या लोकांचे आहेत. किनाऱ्याला ते जसेच्या तसे लावले तर लाल दिवा कधीच लागणार नाही. तुमच्या नगरपरिषदेला मागणी करायची असेल तर अशी करा: मार्च ते जूनचे रोजचे मृत्यू, त्या दिवसांचं कमाल तापमान, आर्द्रता आणि रात्रीचं किमान तापमान, किमान पाच वर्षांचं, एका तक्त्यात. तक्त्यासाठी लागणारी माहिती जन्म-मृत्यू नोंदणीत आणि वेधशाळेत पडून असते.

प्रश्न: सिकलसेलच्या शिबिरात आम्हा दोघांची तपासणी ‘पॉझिटिव्ह’ आली. लग्न करावं का? (नंदुरबार)

शिबिरातली तपासणी बहुधा सोल्युबिलिटीची असते. रक्ताचा थेंब द्रावणात टाकला की ते गढूळ होतं, एवढंच ती दाखवते. वाहकाचं (ज्याला हा आनुवंशिक दोष एकाच पालकाकडून आला त्याचं) रक्तही गढूळ करतं, रुग्णाचंही. तुम्ही कोण आहात हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एच.पी.एल.सी. तपासणीनेच कळतं, ती आधी करून घ्या. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला आणि अलीकडे रक्त चढवलेल्या माणसाला शिबिरातली चाचणी खोटं उत्तर देऊ शकते. फार रक्त कमी असेल तरीही.

दोघं वाहक निघालात तर प्रत्येक गर्भारपणात २५ टक्के शक्यता रुग्ण मुलाची, ५० टक्के वाहकाची, २५ टक्के पूर्ण निरोगी मुलाची. ‘प्रत्येक’ हा शब्द महत्त्वाचा. पहिलं मूल रुग्ण झालं म्हणून पुढची तीन सुखरूप, असा हिशेब नसतो. लग्न करायचं की नाही हा तुमचा निर्णय. केलंत तर गर्भारपणाची खात्री होताच समुपदेशकाला भेटा. गर्भाची तपासणी साधारण १० ते १२ आठवड्यांत करता येते. उशीर झाला तर पर्याय कमी होत जातात.

प्रश्न: सोसायटीत डेंग्यूचे तीन रुग्ण. महापालिका धूरफवारणीला उशीर करते म्हणून आम्ही वर्गणी काढून मशीन आणावं का? (ठाणे)

मशीनचे पैसे वाचवा. धुराने मरतात ते त्या क्षणी उडणारे, धुराच्या वाटेत आलेले डास. पलंगाखाली, कपड्यांमागे बसलेले डास वाचतात, आणि टाकीतल्या अळ्यांना तर धूर लागतच नाही. रुग्णाच्या घराभोवती लगेच केलेली फवारणी ठीक, पण आठवड्याचं काम दुसरंच आहे.

डेंग्यू पसरवणारा एडिस डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात, पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या भिंतीवर अंडी घालतो. ती अंडी कोरड्यात महिनोन् महिने टिकतात. म्हणून नुसतं पाणी ओतून भांडं पुन्हा भरलं तर अंडी जागेवरच असतात. घासणीने भिंत घासा, पुसा, उन्हात वाळवा. अंड्यापासून डास व्हायला सात ते दहा दिवस लागतात, म्हणून कोरडा दिवस आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी. रिकामी करता न येणाऱ्या मोठ्या टाकीचं झाकण घट्ट बसवा, हवेच्या पाइपाला जाळी बांधा. वापरायच्या पाण्यात टेमिफॉस टाकायचं असेल तर १ टक्का दाण्यांचं प्रमाण १,००० लिटरला १०० ग्रॅम. त्याने पाण्यात दहा लाखांत एक भाग औषध होतं. हे आरोग्य खात्याच्या माणसाकडूनच टाकून घ्या. कारंज्यात आणि बांधकामाच्या हौदात गप्पी मासे सोडा.

मग मोजा. समजा ५० घरं तपासली, ८ घरांत अळ्या सापडल्या. घर निर्देशांक १६ टक्के. त्या ५० घरांत मिळून १२ भांड्यांत अळ्या असतील तर १०० घरांमागे २४, हा ब्रेटो निर्देशांक. दोन्ही दर आठवड्याला फलकावर लिहा, पण दुसरा जास्त जपा, कारण एका घरात कुंड्यांखालच्या पाच ताटल्या भरलेल्या असल्या तरी पहिला निर्देशांक ते घर एकदाच मोजतो. तपासताना फ्रिजमागचा ट्रे, गच्चीवरचे टायर, बंद फ्लॅटचा कमोड आणि लिफ्टचा खड्डा हमखास सुटतात. बंद फ्लॅटच्या किल्ल्या कोणाकडे आहेत, ती यादी कोरड्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी तयार ठेवा.